दोन हातांचा भूतबंगला

गेल्या मंगळवारी अंबाजोगाईला दादाच्या डायलिसिसच्या वेळी पहिल्यांदाच आत जाऊन बसलो... आणि दीड वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या गावात, युसूफ वडगावला, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या आणि दुकानाचं शटर खाली आलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाजोगाईला डायलिसिस.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. किडनी द्यायला मोठ्या तोऱ्यात पुढे झालो, तर तपासणीत माझीच शुगर निघाली. तुमची चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी हायसंही वाटलं... त्याची लाज अजून जात नाही.

वहिनी फोनवर सांगायच्या, "चार-चार तास नुसतं छताकडं बघत पडत्यात." अलीकडे तर दादा जायलाच नको म्हणायला लागला होता. मागच्या महिन्यात एक खेप चुकवली आणि पायांना सूज येऊन धाप लागली. सख्खा भाऊ असा धीर सोडत चाललाय आणि आपण पुण्यात बसून मीटिंगा करतोय... स्वतःचीच चीड यायची.

मग मला एकच गोष्ट सुचली, कारण मला येतं तेवढंच. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि त्यात भूतबंगल्याची एक कॅसेट होती. बारा खोल्या, हातात कंदील आणि मागे भुतं. दादा त्यातला उस्ताद, शेवटची खोली गाठणारा गावात तो एकटाच.

ती कॅसेट आता कुठे मिळत नाही. म्हणून ठरवलं, तोच गेम हातात मावणाऱ्या छोट्या कन्सोलवर नव्याने बनवायचा. दादाला पडल्या पडल्या खेळता यावा, निदान त्या ओढीने तरी त्याने डायलिसिसला जावं.

त्या कन्सोलची मेमरी एवढीशी... बारा खोल्या बसता बसेनात. भुताचं चित्र बोटाच्या पेराएवढं, त्यात डोळे काढायचे तर नाक गाळावं लागायचं. दरवाजाच्या करकरीसाठी दादाच्या दुकानाच्या शटरचा आवाज वहिनींकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून मागवला.

एका गोष्टीत मात्र तडजोड केली नाही. जुन्या गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बटण दाबून कंदील वर धरून ठेवायचा. बटण सुटलं की अंधार, अंधार झाला की भूत अंगावर. खरी भीती त्यातच होती, म्हणून मी ते जसंच्या तसं ठेवलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तर मंगळवारी... बेडवर दादा. डावा हात सरळ ठेवलेला, त्यात दोन जाड सुया, रक्ताच्या नळ्या मशीनकडे गेलेल्या. मी कन्सोल सुरू करून त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहरा इतका उजळला की काय सांगू! उजव्या हातात घेऊन त्याने बटण दाबलं, कंदील लागला. स्क्रीनवरचा माणूस मात्र जागचा हलेना.

"चालवायचं कसं रं?"

"डाव्या अंगठ्याने," मी म्हणालो. म्हणता म्हणताच माझी नजर त्याच्या सुया टोचलेल्या हातावर गेली.

"भावजी, त्यो हात हलवायचा नसतोय," वहिनी हळूच म्हणाल्या. "चार तास तसाच ठिवावा लागतो."

तीन वर्षांत मी कधी आत येऊन बसलोच नव्हतो. यायचो तेव्हा बाहेरच्या बाकावर ऑफिसचे कॉल उरकायचो आणि संपलं की दादाला गाडीत बसवायचो. दीड वर्ष भुताचे डोळे कोरत बसलो, पण आपल्या भावाचे हात मोकळे असतात का, एवढं एका फोनवर विचारायचं मला सुचलं नाही.

कन्सोल पोटावर ठेवून दादाने डोळे मिटले. वहिनी उठल्या, आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि बाहेर गेल्या.

मी वाकून कन्सोलची डावी बाजू धरली. "तू कंदील धर, मी चालवतो."

पहिल्या खोलीतच मेलो. परत मेलो. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा दादा खेकसला, "भिताडाला कावून धडकायलास बे! जिना डावीकडं हाय की!" आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. त्याचा एवढा मोठा आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला. चौथ्या खोलीत शिरलो आणि मशीन वाजलं, वेळ संपली होती.

परत येताना गाडीत मी म्हणालो, एका हाताने खेळता येईल असा बदलून पाठवतो, आठ दिवसांचं काम आहे.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नगं बदलू. बदललास तर तू कशाला येशील बे?"

चिडून म्हणाला असता तर परवडलं असतं. पण पाऊसपाण्याबद्दल बोलावं इतक्या साधेपणाने बोलला.

आज शुक्रवार. दादा मशीनवर आहे आणि मी पुण्यात... रजा मिळाली नाही. वहिनींनी पिशवीत कन्सोल टाकला होता, तो त्याने काढून घरीच ठेवला म्हणे. गेम बदलायला घेतो आणि हात थांबतो. नाही बदलला तर हा माणूस पुन्हा छताकडेच बघत पडणार.

वहिनी, तीन वर्षं त्या स्टुलावर तुम्ही एकट्या बसलात... तुमचे आभार कुठल्या तोंडाने मानू?

पुढच्या मंगळवारी मी जाणार आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारचं मला आज काही सांगता येत नाही, आणि दादाला ते माझ्याआधीच कळलेलं आहे.