बधिर हाताची पकड

असल्या गोष्टींवर मी आजवर फक्त हसत आलेय. बावीस वर्षं बडोद्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतेय. माणूस कशाने झोपतो नि कधी जागा होतो, ते मिलिग्रॅममध्ये सांगणारी बाई मी! पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं...

गोत्रीतलं एक छोटं हॉस्पिटल, सकाळचे साडेअकरा. पेशंट जवळच्या पादरा गावच्या कांताबेन, वय बासष्ट, डावं मनगट मोडलेलं. दमा जुना, म्हणून पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करायचं ठरलं. सोनोग्राफीवर बघत मी गळ्याजवळच्या हाडाच्या वरच्या बाजूला इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी बर्फ लावला, चिमटा काढला — काही नाही. हात उचलून सोडला तर धपकन पडला.

"बेन, आ हाथ मारो नथी लागतो," हात आपला वाटतच नाही म्हणून कांताबेन हसल्या.

"सरस! हवे शांतिथी सूई रहो," मी त्यांना शांत पडून राहायला सांगितलं.

आता उजव्या हाताच्या सलाइनमधून अँटिबायोटिक द्यायचं होतं. आधी नळी धुवायला ट्रेमधली सलाइनची सिरिंज उचलली, जोडली, दट्ट्यावर अंगठा ठेवला...

आणि माझं मनगट कुणीतरी धरलं.

कांताबेनचा डावा हात! छातीवरून आडवा आलेला. पकड अशी, की सिरिंज निसटून खाली पडली. त्या मात्र छताकडे बघत जप करत होत्या. मग तो हात सुटला आणि टेबलाच्या कडेला लोंबकळला.

"मॅडम... हा हात हलला?" मनीषा सिस्टर पुटपुटली.

मी वाकून सिरिंज उचलली. लेबल नव्हतं. सोनोग्राफीची जेली लागून ते सुटलं होतं, ट्रेच्या तळाशी चिकटलं होतं. हात बधिर करायचं उरलेलं औषध होतं ते. पाण्यासारखंच दिसतं. शिरेत गेलं असतं तर कांताबेनचं हृदय थांबलं असतं. माझ्या हातून.

सगळ्या सिरिंजा फेकून नव्या भरल्या. हात पुन्हा तपासला — पूर्ण बधिर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा.

"में तो हाथ हलाव्योज नथी, बेन," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर घेऊन निरखू लागल्या.

सर्जन म्हणतात, ब्लॉक, म्हणजे हाताची भूल, अर्धवट लागला असेल. मग तासभर हाडात स्क्रू बसत असताना कांताबेन मला गोळकेरीच्या गोड लोणच्याची रीत कशी सांगत होत्या?