वाल भिजत

डॉक्टरांनी मुलीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि विचारलं, "बाहेरचं किती खाता?"

मी बायकोकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. घरचं किती खाता असं विचारलं असतं, तर उत्तर देणं सोपं होतं.

आम्ही तेव्हा कामोठ्यात राहायचो. नव्या सेक्टरांच्या बिल्डिंगा संपून जुनं गाव सुरू होतं तिथं, एका आगरी मावशींच्या घराच्या वरच्या खोलीत. आम्ही दोघंही नांदेडकडचे. मी सहावीतून शाळा सोडलेली. द्रोणागिरीला एका गोडाऊनमध्ये गाड्यांतून उतरणारी खोकी मोजायचं काम करायचो. बायको पनवेलला एका दवाखान्यात आया होती आणि तिची ड्युटी फिरती. संध्याकाळी सहाला "आज काय करायचं?" हा प्रश्न पडायचा आणि तेवढ्या उशिरा पडलेल्या प्रश्नाचं उत्तर घरात नसायचं. मग पळस्प्याच्या नाक्यावर गाडी बदलताना मी भुर्जीपाव बांधून घ्यायचो. मुलगी चौथीत होती, शाळेतून येताना ती कोपऱ्यावरच्या गाडीवर काहीतरी खायची. रविवारी चायनीज. चैन म्हणून नव्हे, तसंच होत गेलं.

"कावीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "औषधापेक्षा जेवण सांभाळा. तीन महिने बाहेरचा घास नको. घरचं, साधं, ताजं आणि वेळेवर. एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासू."

माझी धाकटी बहीण लहानपणी काविळीतच गेली. मी दहा वर्षांचा होतो. बायकोला हे लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. तिनं दवाखान्याच्या पायरीवर माझा हात धरला, म्हणजे तिला ते आठवत होतं.

स्वयंपाक मी करायचा असं ठरलं, कारण माझी वेळ ठरलेली होती आणि तिची नव्हती. त्या रविवारी मी स्वयंपाकघर रिकामं करून पुसायला घेतलं. भिंतीत एक लाकडी दारांचं फडताळ होतं. त्याच्या फळीवर आमचा प्लास्टिकचा कागद होता. तो काढला तर खाली दुसरा प्लास्टिकचा कागद, आमच्या आधीच्या कुणाचा तरी. त्याखाली वर्तमानपत्र, पिवळं पडलेलं. आणि सगळ्यात खाली, फळीला चिकटून, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं.

पानं उलटी नव्हती. लिहिलेली बाजू वर होती. तारखेच्या प्रत्येक चौकोनात निळ्या पेनानं बारीक अक्षर होतं. मला वाचायला वेळ लागतो. मी ओठ हलवत वाचलं. सोमवार, दुधीची भाजी, भाकरी. मंगळवार, मुगाचं वरण, लाल माठ. आणि चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात त्याहून बारीक अक्षरात उद्याची तयारी. मूग भिजत. ताक लावणे. तांदूळ धुऊन वाळत.

कुणीतरी आपल्या घरच्या रोजच्या जेवणाचा बेत लिहून ठेवला होता, आदल्या दिवसाच्या कामासकट. मला तेवढंच हवं होतं. उद्या काय, हे आज माहीत असणं.

"बाबा, हे बघ," मुलगी खाटेवरून उठून आली होती. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. तिनं आमच्या बाहेरच्या खोलीतलं नवं कॅलेंडर काढून शेजारी धरलं होतं. "दोन्हीचे वार सारखेच आहेत. आज बारा जानेवारी, रविवार. इथंही बारा, रविवार."

जुनं कॅलेंडर अकरा वर्षांपूर्वीचं होतं. मी आजचा चौकोन शोधला. त्यात लिहिलं होतं, "मुलीला मऊ भात. तेल नको."

मुलीनं ते माझ्याआधी वाचलं. ती हसली. मला मात्र पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं वाटलं. पण त्या दिवशी मी मऊ भात केला आणि तेल घातलं नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

मी फळीवरचा प्लास्टिकचा कागद परत घातलाच नाही. रोज सकाळी फडताळ उघडायचं, मुलीला उजेडात नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा, मग चौकोन वाचायचा. आमच्याकडं ज्वारी आणि अंबाडी. हे चौकोन लिहिणाऱ्या बाईच्या पानांत नाचणी, कढी, तांदळाची भाकरी. एकेक शिकत गेलो. शनिवारी पुढच्या आठवड्याचे सात चौकोन वाचून रविवारी एकदाच बाजार करायचो. पळस्प्याला गाडी बदलताना भुर्जीच्या तव्याचा खडखडाट ऐकू यायचा, पण घरी मूग भिजलेले आहेत हे आठवायचं आणि पाय आपोआप पुढं जायचे.

बायको ड्युटीवरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "काय म्हणते तुमची फडताळातली बाई? आज काय घालणार जेवायला?"

"पडवळ."

"मला पडवळ आवडत नाही म्हणून सांगा तिला."

"तूच सांग. तुझ्याशी बोलेल."

"नको बाई. तुमच्याशीच बरी बोलते ती."

ती हसायची आणि तेच पडवळ दोनदा वाढून घ्यायची. पण ती फडताळाकडं पाठ करून बसायला लागली होती, हे माझ्या लक्षात आलं होतं.

एकदा दुपारी सुट्टी होती. चौकोनात लिहिल्याप्रमाणं मी खोबरं भाजून, त्यात तिरफळ ठेचून आमटी केली होती. तिरफळ मी त्याआधी पाहिलंही नव्हतं. मावशी जिना चढून आल्या आणि दारातच थांबल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून आत, ओट्यापाशी कुणी उभं आहे का ते बघत होत्या.

"कोन करतंय?"

"मीच, मावशी."

"तू?" त्या आत आल्या नाहीत. "ह्यो वास लय सालांनी आला या खोलीतून." आणि गुडघे धरत खाली गेल्या. काय काम होतं ते सांगितलंच नाही.

मी विचारायला हवं होतं, वास कुणाचा. विचारलं नाही. कारण त्याच्या आदल्या रात्री मी बॅटरी लावून फडताळाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतची पुढची पानं वाचली होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळे चौकोन भरलेले. एप्रिलचे नऊ चौकोन भरलेले. दहा तारखेपासून कोरे. मे कोरा. जून कोरा. डिसेंबरपर्यंत एक अक्षर नाही.

नऊ एप्रिलचा चौकोन सांगत होता, "वरण, भात, पालेभाजी." आणि खालच्या कोपऱ्यात, "वाल भिजत."

बिरड्याची तिची रीत मला तोवर पाठ झाली होती. वाल एका दिवशी भिजत, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायला, तिसऱ्या दिवशी सोलून बिरडं. तीन चौकोन सलग. महिन्यातून दोनदा यायचे. मुलीला जड पडेल म्हणून त्या दिवसांत मी मूग करायचो. पण आतापर्यंत तिनं वाल भिजवले आणि बिरडं केलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

मुलीची रक्त तपासणी अकरा एप्रिलला होती.

आता हे लिहिताना वाटतं, माणूस घाबरला की किती हिशेबी होतो. मी मनात जोडून टाकलं. आजारी मुलगी, मऊ भात, तेल नको, आणि मग कोरं पान. ज्या घरात मुलगी जाते त्या घरात पुढं कुणी चौकोन भरत नाही. माझ्या आईनं तर वर्षभर चुलीला हातही लावला नव्हता, काकू रांधायची. हे मी कुणाला बोललो नाही. रोज डोळे मात्र दोनदा बघायला लागलो.

त्यात मार्चमध्ये एक गोंधळ उघड झाला. बायको संकष्टी करायची. जानेवारीपासून मी तिला तारीख आणि चंद्रोदयाची वेळ फोनवर सांगायचो आणि ती ड्युटीवरच उपास सोडायची. मार्चमध्ये तिला घरी बघून मावशींनी जेवायला बोलावलं. ती म्हणाली, "आज माझी चतुर्थी आहे."

"आज कसली चतुर्थी? चतुर्थी काल झाली बाय. मी काल धरली."

बायको वर आली. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवली. वार सारखे, पण तिथी सरकलेल्या. मी तीन महिने फडताळातल्या कॅलेंडरवरून वाचून सांगत होतो.

"म्हणजे मी उपास कुणाच्या चतुर्थीचे केले?" तिनं विचारलं. मला वाटलं ती चिडेल. तिचा आवाज अगदी हळू होता. "ओ, तुम्ही मला तिचे उपास करायला लावले."

"चुकलं माझं."

"तिच्या मुलीसाठी असतील ते," ती म्हणाली. म्हणजे पुढची कोरी पानं तिनंही पाहिली होती. आम्ही दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर एक वेल होता. खालून, शेवग्याच्या बुंध्यापासून वर आलेला. उन्हं वाढली तशा त्याच्या शेंगा वाळल्या आणि दुपारच्या वाऱ्यात आतल्या दाण्यांचा खुळखुळ आवाज यायला लागला. घरी एकटा असलो की मला वाटायचं, मागं कुणीतरी डबा हलवून किती उरलंय ते बघतंय. मार्चअखेर मावशींनी त्या शेंगा काढल्या आणि वाटीभर दाणे आणून दिले. वाल होते. मी डब्यात भरून ठेवले. डबा फडताळात ठेवायचं धाडस मात्र झालं नाही.

नऊ एप्रिल आली. बुधवार. मी पाचला घरी पोचलो. वरण, भात, पालेभाजी केली. मग वालाचा डबा घेऊन बसून राहिलो. भिजवले तर तिच्यासारखंच होईल. नाही भिजवले, तर तिच्याच चौकोनापाशी थांबलो असं होईल.

बायको भिंतीला टेकून बघत होती. ती म्हणाली, "विचारून या. मला आता हे सहन होत नाही. काय असेल ते असू दे."

मी एप्रिलचं पान फळीवरून सोडवलं. एक कोपरा फळीलाच राहिला. ते घेऊन खाली गेलो. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, हे कुणाचं?"

त्यांनी पान लांब धरलं. "मना कुठं वाचता येतंय? पन अक्षर तिचंच. महाडकडची बाय होती. नवरा बोटीवर. ती नि पोर, दोघीच. लय लिवायची. मी बोलायची, अगो, पोटाचं बी लिवून ठेवतेस?"

"इथं थांबलंय. ह्या तारखेला." मी बोट ठेवलं. "वाल भिजवलेत, आणि पुढं काहीच नाही. काय झालं होतं?"

मावशींनी सूप खाली ठेवलं. "सकाळीच फोन आला खाली, माझ्याकडं. तिची आयस पडली होती गावाला. तशीच निघाली. वाल पान्यात, तसंच. सामान मागाहून भाऊस नेऊन गेला. क्यालेंडर भितीवर ऱ्हायलं, ते मीच फडताळात आंथरलं."

"आणि मुलगी?" मी विचारलं. "ती आजारी होती ना?"

"पिवळी पडली होती थंडीत. मंग बरी झाली की!" मावशी माझ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांना कळलं. "अरं बाला, तू हे धरून बसलास होय इतके दिवस? उड्या मारत उतरली तो जिना. मीच वरडली, पडशील म्हनून."

मी ओटीच्या पायरीवर खाली बसलो. 

"वाल मी वतले शेवग्याच्या बुडाशी," त्या म्हणाल्या. "मोड आले होते, उगवले. तवापासून दर साली तेच बी लावते. तुना दिले ना, ते तेच."

वर आलो. खिडकीत वेल होता, आता नुसती वाळकी देठं. वारा नव्हता, तरी मला खुळखुळ ऐकू आली. बायकोला सगळं सांगितलं. तिनं डबा उघडला, वाल पातेल्यात ओतले, पाणी घातलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती फडताळाकडं तोंड करून जेवली.

गुरुवारी फडक्यात बांधले. शुक्रवारी सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट हातात आला. डॉक्टरांनी तो वाचला, पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "छान. आता घरचं सगळं चालेल. बिरडं? थोडं द्या, चालेल." मी त्यांच्या पाया पडलो. ते अवघडले. पण मी तसाच आहे. कुणी चांगलं सांगितलं की मला हात जोडल्याशिवाय राहवत नाही.

घरी आम्ही तिघं कोमट पाण्याच्या परातीभोवती वाल सोलत बसलो. मोडाला धरून दाबलं की दाणा टुणकन बाहेर येतो. मुलीनं एक माझ्या डोळ्यावर उडवला. बिरडं जरा कडू झालं. मावशींना वाटी दिली तर म्हणाल्या, "तिचं बी पयल्यांदा असंच झालं होतं."

मुलीनं आपल्या पेनानं अकरा तारखेच्या कोऱ्या चौकोनात मोठ्या अक्षरात लिहिलं, बिरडं. मग मला विचारलं, "बाबा, खाली काय लिहू? उद्याचं?"

"तू सांग."

"चवळी भिजत."

तिथून डिसेंबरपर्यंतचे चौकोन आम्ही भरले. एकतीस डिसेंबरचा भरला तेव्हा बायको म्हणाली, आता नवं कॅलेंडर घ्या आणि तिथी त्यातल्याच बघा. बाहेरचं पुन्हा सुरू झालं नाही असं नाही, पण ते कधीतरीचं झालं, आणि आधी ठरवून.

त्यानंतर दोन वर्षांनी ती खोली सोडली. सामान टेम्पोत चढवलं, मावशींनी फडक्यात वालाची पुरचुंडी बांधून दिली. मी शेवटचा वर गेलो. पानं फळीवर होती तशी लावली, फाटका कोपरा जुळवून. वर नवा प्लास्टिकचा कागद घालणार होतो. मग थांबलो. पुढं कुणी तरी हा कागद उचलेल, आणि शेवटच्या चौकोनापाशी येऊन रात्रभर बसून राहील. मी एकतीस डिसेंबरच्या चौकोनाखाली, जिथं उद्याचं लिहितात तिथं, सावकाश लिहिलं, "मुलगी बरी आहे. आधीचीसुद्धा. आम्ही फक्त खोली बदलतोय."

मग कागद घातला आणि फडताळ लावून घेतलं.