साडूंचा हेडफोन

माझ्या हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सोलवटून त्याचे कपचे माझ्या कानांना चिकटत. काम करून उठलो की बायको म्हणायची, "अहो, कानाला काजळी लागलीय." तरी मी तो बदलला नव्हता. इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी लोकांची भजनं, शाळांची स्वागतगीतं, लग्नाच्या मंगलाष्टका रेकॉर्ड करतो, आणि त्या हेडफोनच्या सगळ्या खोडी मला पाठ होत्या. नवा घेतला की नव्या खोडी शिका, असं मी सांगायचो. जे आपल्याला परवडत नाही त्याबद्दल आपली मतं फार ठाम असतात.

माझे साडू, म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांना रेकॉर्डिंगचा छंद लागला. छंद लागल्यावर माणूस आधी शिकतो अशी माझी समजूत होती. साडू आधी खरेदी करतात.

"क्लोज्ड-बॅकच घ्यायचा, साडूभाऊ," ते मला समजावू लागले. "पाठ बंद पाहिजे. नाहीतर गाणाऱ्याच्या कानातलं संगीत बाहेर सांडतं आणि माइकमध्ये शिरतं."

हे त्यांना मीच सांगितलं होतं.

हेडफोन आला तसाच त्यांनी तो वापरला नाही. मूळच्या गाद्या काढून मेंढीच्या मऊ कातड्याच्या बसवल्या. वायर बदलली. डोक्यावरच्या पट्टीला येवल्याच्या विणकराकडून पैठणीचं कापड मढवून आणलं, आणि मोर नेमका टाळूवर येईल असा बेत केला.

"छान," मी म्हणालो. "हळदीकुंकवालाही घालून जाता येईल."

ते मनापासून हसले. टोमणा न लागणं हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे. मग त्यांनी तो माझ्या कानांवर चढवला. तानपुऱ्याच्या चारही तारा मला वेगवेगळ्या ऐकू आल्या, आणि त्यामागची खोलीची शांतताही. परतताना द्वारका चौकापर्यंत मी बायकोला त्या मोराचे दोष सांगत होतो.

एवढ्यावर भागलं असतं, पण मध्ये सासरे आले. ते एसटीत कंडक्टर होते, नाशिक-वणी मार्गावर उभी हयात गेली. देवीची गाणी ते गाडीतच गायचे. आवाज इंजिनावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय, म्हणून गळ्यात एक खरखर बसलेली. निवृत्तीनंतर त्यांच्या मनात आलं की आपली गाणी एकदा नीट रेकॉर्ड व्हावीत आणि चैत्राच्या यात्रेत वणीच्या गडावर वाजावीत. पुन्हा म्हणण्याइतका दम राहील का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. थोरला जावई, त्यात धंदाच हा. काम माझंच, असं मी धरून चाललो होतो.

"एक गाणं दोघं करा," सासरे म्हणाले. "जे बरं वाटंल त्याच्याकडं बाकीची."

गाणं माझ्याच खोलीत टिपलं. आवाज वेगळा, संबळ वेगळा, टाळ वेगळे. ते किती आणि कुठे बसवायचे, हे ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवायचं होतं.

मध्ये खंडेनवमी आली. पंचवटीत सासऱ्यांच्या घरी त्या दिवशी विळी, कोयता, स्कूटर, सासऱ्यांचा जुना तिकीट-पंच, सगळ्याची पूजा होते. साडूंनी पाटावर हेडफोन ठेवला, मोर वर करून. सासूबाईंनी कुंकवात तेलाचा थेंब घालून प्रत्येक वस्तूला ठसठशीत बोट टेकवलं. मी माझा हेडफोन नेला नव्हता. त्या मोराशेजारी तो पोतराजासारखा दिसला असता.

पुढच्या रविवारी निकाल. सासऱ्यांनी दोन्ही गाणी साडूंच्या हेडफोनवर ऐकली, कारण मोर. माझं आधी.

"जावईबापू, तुमचा संबळ डाव्या अंगाला लय दबलाय," ते म्हणाले. साडूंचं ऐकताना मात्र त्यांची मान हलायला लागली. "हे सारखं वाटतंय."

माझा संबळ दबलेला नव्हता. मी हेडफोन मागून घेतला, ऐकला. खरंच दबला होता. गाण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करून पुन्हा लावलं. तरी डावीच बाजू दबली. म्हणजे दोष गाण्यात नव्हता, हेडफोनच्या डाव्या वाटीत होता. चष्मा लावून पाहिलं. वाटीच्या कडेला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावरच आवाजाचा भरदारपणा अवलंबून. त्या भोकात सासूबाईंचं कुंकू तेलासकट वाळून बसलं होतं. साडूंनी त्यावरच ऐकून संबळ डावीकडे वाढवला होता.

"पुसलं का नाहीत?" मी विचारलं. आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"पूजेचं कुंकू कसं पुसायचं, साडूभाऊ?"

"पुसायचं नाही," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग स्वतःच बाहेर आल्या, देवीचं नाव घेऊन पिनेनं भोक मोकळं केलं, आणि निघालेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं.

आता साडूंच्या गाण्यात डावा संबळ दाणदाण वाजू लागला. साडूंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पाहून घेतलं.

"आता तुम्हीच सांगा," सासरे मला म्हणाले. "जाणते तुम्ही. कोणाचं ठेवायचं?"

मी साडूंचं गाणं पुन्हा लावलं, चुका मोजायला. संबळ सोडून दुसरी सापडेना. प्रत्येक कडव्याआधी सासरे श्वास घेत होते, घाट चढताना गिअर बदलावा तसा, आणि मग ती खरखर उठत होती. माझ्या गाण्यात हे काही नव्हतं. मी श्वास कापले होते, खरखर घासून काढली होती. सासरे त्यात आकाशवाणीवरचे वाटत होते. साडूंना श्वास कापायचे असतात हे माहीतच नसणार, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्याने फरक पडला नाही. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"आवाज यांच्या गाण्यात खरा आहे," मी म्हणालो. "डावीकडचं तेवढं..."

"मग तेवढं त्यांना दाखवा," सासरे म्हणाले. "बाकीची बी हेच करतील."

साडूंनी मला मिठी मारली. परतताना बायको म्हणाली, "कुंकवापाशीच थांबता आलं नसतं का?"

चैत्रात मी आणि बायको गडावर गेलो. पायऱ्यांपाशी नारळाच्या दुकानावर एकच कर्णा होता, आणि कर्ण्याला डावं-उजवं नसतं. त्यावर सासऱ्यांचं गाणं लागलं होतं, पण संबळ आणि टाळ सगळे एकमेकांत कालवले गेले होते. तेवढ्यात सासऱ्यांनी श्वास घेतला. पुढे चाललेली एक बाई थांबली आणि वर बघू लागली. मी गाणं संपेपर्यंत उभा राहिलो.

फोन वाजला. साडू होते. "लागलंय का, साडूभाऊ? कसं वाटतंय?"

"गर्दी फार आहे हो," मी म्हणालो. "काही ऐकू येत नाही."