टिटवीचं बाळंतपण

काकांच्या प्लॉटवर एक रविवार काढला की महिनाभर पुरतील एवढे किस्से घेऊन परततो आम्ही. रेल्वेतून रिटायर झाल्यावर काकांनी शहराबाहेर, तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीच्या रस्त्याला, घर बांधलं. मागे तळं, बाजूला पळस आणि मोहाची झाडं. काका खूश. काकूचा जीव मात्र शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात. "पुढच्या महिन्यात मी चालली परत," हे तिचं पालुपद.

*

पहिल्याच पावसाळ्यात बाथरूममध्ये घोरपड शिरली. काकू ओरडली, "अहो, मगर!"

काकांनी पेपर खाली ठेवला नाही. "पाणी वाया घालवून राहिली काय? नाही ना? मग बसू दे."

*

थंडीत तळ्यावर रानबदकं उतरली. काकांनी सदर बाजारातून दुर्बीण आणली आणि दिवसभर डोळ्याला लावून बसले.

"लग्नापासून माझ्याकडे एवढं पाहिलं नाही या माणसानं," काकू म्हणाली.

काकांनी दुर्बीण तिच्याकडे फिरवली. "अस्पष्ट दिसून राहिली."

*

मोहाची फुलं गळायला लागली तसा एक भुरका कुत्रा येऊ लागला. काकू त्याला रोज पोळी टाकायची. शेजारचा चौकीदार पाहून हबकला. "माई, ये तो कोल्हा है!"

"असू दे भैया. आमच्या पाऱ्यातले कुत्रे पोळी पाहून तोंड फिरवतात."

*

मग टिटवी आली, आणि दिवसभर ओरडायला लागली. टिटवीचं ओरडणं अशुभ! आता मात्र काकूनं टेम्पो ठरवला, बोचकी बांधली. काकांना जागा सोडवत नव्हती आणि काकूशिवाय राहणं जमणारं नव्हतं. आम्हालाही फार वाईट वाटलं.

टेम्पो गेटमधून आत शिरतो तोच टिटवी चाकापुढे पंख पसरून उभी राहिली. मागे, गेटपाशी पसरलेल्या बारीक दगडी गिट्टीत, गिट्टीच्याच रंगाची चार अंडी.

काकू धावली. "रोको भैया, रोको!"

ड्रायव्हर म्हणाला, "हव दीदी, गाडी बाहर रखता हूँ. सामान हाथ से ले आएँगे."

काकूनं एकदा बोचक्यांकडे पाहिलं, एकदा टिटवीकडे. "दारात बाळंतीण टाकून घर बंद करतात काय कोणी?"

टेम्पो रिकामाच गेला. पिल्लं निघून तळ्याकडे पळेपर्यंत काकूनं गेटमधून सायकलही जाऊ दिली नाही. तोवर बोचकी कधीच सुटली होती.

यंदा फाल्गुनात तिनं पुन्हा तात्यापाऱ्याचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गेटपाशी ट्रॉलीभर नवी गिट्टी टाकून घेतली.