आमचे भाऊजी आणि पडद्यावर न मावणारी पानं

जगातली यच्चयावत दुःखं आडव्या पसाऱ्यामुळे होतात आणि सगळं एकाखाली एक मांडलं की मनुष्यजात सुखी होईल, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजींचं गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. ताईला मोबाईलवर गोष्टी वाचायचं वेड, आणि तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. अक्षरं मोठी केली की अर्धी ओळ पडद्याबाहेर. उरलेली ती मनानेच रचायची, आणि त्यात नायिका भलत्याशीच लग्न करून मोकळी व्हायची. हे पाहून भाऊजींनी कंबर कसली. ताईच्या आवडीचं प्रत्येक पान ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, धानाच्या बांधीतलं तण उपटावं तशा जाहिराती उपटतात, बाजूचे रकाने खाली आणतात आणि ओळी अशा मोडतात, की ताईने फक्त अंगठा सरकवायचा.

पुढे हे वेड घराबाहेर पडलं. देवरीला एका साक्षगंधात, आमच्याकडच्या साखरपुड्यात, त्यांनी नवरदेवाच्या बापाला, म्हणजे चांगल्या राईस मिलच्या मालकाला, कोपऱ्यात गाठलं. "तुमची वेबसाइट पाहून राहिलो होतो जी. फोन नंबर कायले एवढा लपवून ठेवला? शोधता शोधता अंगठा दुखून आला न!"

कळस झाला तो कामठ्याला, त्यांच्या पुतणीच्या लग्नात. पंगतीची जबाबदारी भाऊजींवर. समोरासमोर बसायची रीत मोडून त्यांनी अख्खं वऱ्हाड एकाच रांगेत बसवलं. रांग मांडवातून निघाली ती थेट तलावाच्या पाळीवर. वरणाची बादली शेवटाला पोचेपर्यंत पहिल्यांचे हात धुऊन झाले होते. पाळीवरून एक म्हातारबा ओरडले, "अरे, वरण पार नागऱ्या गावाहून येऊन राहिलं का?" भाऊजी शांत. "थांबा न मामाजी, लोड होऊन राहिलं!" ताई तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

परवा गेलो तर ताई ओसरीत वाचत बसली होती. अक्षरं आता एवढी मोठी, की पडद्यावर जेमतेम एक शब्द मावतो. नजर सुधारायची नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मला राहवेना. भाऊजींना हळूच म्हणालो, "आता तुम्हीच वाचून दाखवत जा की."

"काऊन?" भाऊजी उखडले. "दाखवीन तवा दाखवीन. आज ती स्वतः वाचून राहिली न!"

"गप बसा जी दोघंही," ताई मान वर न करता म्हणाली, "गोष्ट रंगून राहिली."

मला हसू आलं आणि लगेच भडभडूनही आलं. भाऊजी आत कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. पुढच्या गोष्टीतले लांब शब्द एका पडद्यावर मावत नव्हते. ते त्या शब्दांचे फार जपून दोन दोन तुकडे करत होते.