पांढरीतली भिंत

इंझोरीकडच्या आमच्या गावाबाहेर, नाल्याच्या काठाला एक टेकाड आहे. गाव त्याला पांढरी म्हणतं. तिथली माती राखेसारखी पांढुरकी. चूल आणि कुडाच्या भिंती पोतारायला बायका ती टोपलीनं आणतात. वरच्या थरात मुळ्या फार, आतली माती मात्र पिठासारखी मऊ. म्हणून बायका खाली न खणता आडव्या उकरत आत शिरतात. माझ्या मायचं बीळ तर ती अख्खी आत बसेल एवढं झालं होतं.

मी शाळेत इतिहास शिकवते. नाईलकाठची नगरं, बॅबिलोन, आणि मग आपलं वाशीम, म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. आमच्या पांढरीतही त्याच काळातलं गाव गाडलेलं असणार, अशी माझी खात्री होती. त्यामुळे मीच मायला म्हटलं होतं, "आत जुनं खापर दिसलं तर घेऊन येशील." स्वतः कधी आत वाकून पाहिलं नाही. आम्ही मास्तर लोक असेच, उंटावरून शेळ्या हाकणारे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सकाळी तिला बोलवायला गेले. टोपली बाहेर, माय आत.

"माय, चहा थंडा होऊन राह्यला."

"आली, आली. इथं विटाच लागल्या वो, हातभर लांब!"

विटा म्हटल्यावर मी धावत पुढे झाले, आणि धप्पकन आवाज झाला. धुरळा उडाला. बिळाचं तोंडच नाहीसं झालं.

ओरडायला गेले तर आवाज फुटेना. मी दोन्ही हातांनी माती ओढत राहिले आणि जेवढी ओढावी तेवढी वरून येत राहिली. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. शेजारच्या वावरातले दोघं धुरळा पाहून फावडं, लोखंडी सब्बल घेऊन धावले. थोडं उकरल्यावर विटांची भिंत दिसली. एकानं सब्बल उगारली आणि माझा आवाज फुटला.

"भिंत फोडू नका! भिंतीले हात लावू नका!"

त्यांनी बाजूनं उकरलं. भिंतीच्या आडोशाला माय मुटकुळं करून बसलेली, तोंडात माती, पण श्वास चालू. काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं.

"मॅडमनं डोकं चालवलं," सब्बलवाला म्हणाला. "भिंत पाडली असती त समदं अंगावर आलं असतं."

मला तसलं काही सुचलंच नव्हतं. दीड हजार वर्षांची वीट फुटेल म्हणून मी ओरडले होते. त्या एका क्षणी माय माझ्या डोक्यात नव्हती, आणि आता मला मातीपेक्षा माझीच धास्ती वाटते.

दुपारी तिला बाजेवर पाणी पाजत होते.

"तुहा आवाज येत होता मले आत," ती म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला. "काय आयकलं?"

"भिंत भिंत करून राह्यली होती तू. मी वाट पाहून राह्यली होती, तू 'माय' कवा म्हन्ते."