मिस्त्रींचा सहाचा आकडा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाला सगळे मिस्त्री म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. माझं मशीन कुरकुरायला लागलं की मी तिथे जाते आणि दुरुस्ती होईपर्यंत स्टुलावर बसून राहते. घर दुकानाच्या मागेच, मध्ये नुसता पडदा. त्यामुळे करमणुकीला तोटा नसतो.

मिस्त्रींचा खरा धंदा भाड्याचा. जुनं मशीन घ्यायचं, उघडून साफ करायचं आणि शिंप्यांना भाड्याने द्यायचं. घेण्याआधी हिशेब एकच: किंमत भागिले महिन्याचं भाडं. उत्तर दहाच्या आत आलं तर घ्यायचं, म्हणजे दहा महिन्यांत पैसे फिटले. त्यातही एक पथ्य होतं. शाळा सुरू होताना गणवेशांची झुंबड उडते आणि शिंपी दुप्पट भाडं मोजतात. तो महिना हिशेबात धरायचा नाही.

यंदा पाठीने दगा दिला, तशी भाड्याची सगळी मशिनं त्यांनी विकून टाकली. त्या पैशांवर दोघांचं म्हातारपण निघायचं होतं. बायको म्हणत होती, बँकेत ठेवा. मिस्त्रींना शेअर घ्यायचे होते, तेही एकाच कंपनीचे. आयुष्यभर त्यांनी तिचीच मशिनं उघडली होती, आणि विशीत तिच्याच कारखान्याच्या शेडमध्ये काम शिकले होते.

"बाई, तुम्ही गणिताच्या, तुम्हीच सांगा," परवा ते मला म्हणाले. "शेअरची किंमत एकशेवीस. गेल्या वर्षी एका शेअरमागे कंपनीचा नफा वीस. भागा."

"सहा."

"ह्याला पी-ई म्हणतात. बाकीच्या मशीन कंपन्यांचा पंचवीस-तीस आहे. म्हणजे तिथे पैसे फिटायला पंचवीस वर्षं, इथे सहा! एवढं स्वस्त लोकांना दिसत कसं नाही?"

"दिसत असेल, म्हणूनच घेत नसतील," पडद्याआडून बायको म्हणाली.

"तुझी भाजी करपतेय, तिकडे बघ."

"भाजीचं बघते मी. दोघांचं म्हातारपण करपू नये, एवढं तुम्ही बघा."

तेवढ्यात सून कामावरून आली. ती एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने विचारलं, "बाबा, नफा आला कुठून, ते बघितलंत?"

"मशिनं विकून. मशीन कंपनी आणखी काय विकणार, कांदे?"

तिने फोनवर कंपनीचे निकाल काढले आणि उभ्याउभ्याच वाचले. "विसातले सतरा जमीन विकून आलेत. मशिनांचे फक्त तीन."

"पैसे ते पैसेच ना?"

"हो, पण ती जमीन पुढच्या वर्षी परत कशी विकणार? बाबा, गणवेशाच्या महिन्याचं भाडं धरून तुम्ही कधी मशीन घेतलंत का?"

मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. ओठ हलवत त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "एकशेवीस भागिले तीन. चाळीस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चाळीस वर्षं, बाई! मी अडुसष्ट वर्षांचा आहे."

"पाठ तेवढी टिकायची नाही," बायको म्हणाली. पण आवाज उतरला होता.

मला वाटलं, विषय मिटला. सुनेलाही तसंच वाटलं असावं, कारण ती आत निघाली होती.

"कुठली जमीन गं?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने पुन्हा फोन बघितला. "जुन्या कारखान्याची. शेडसकट. आता मशिनं बाहेरून तयार करून घेतात, नाव फक्त ह्यांचं लावतात."

माझ्या मशीनचं झाकण मिस्त्रींनी बसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. सून दारातच थांबली.

"बाबा, तरी घ्यायचेच असतील, तर थोडेसे घेऊ," ती हळूच म्हणाली. "आठवण म्हणून."

"कशाची? शेड पाडली असेल एव्हाना." त्यांनी फडक्याला हात पुसले. "सकाळी बँकेत जाऊ. तुझ्या सासूला घे बरोबर, सह्या दोघांच्या लागतील."

एरवी पडद्याआडून बोलणारी बायको स्वतःच बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.